पुण्यात देवीचा गोंधळ घालायचाय? हा गोंधळ्यांचा संच डोळे झाकून बोलवा, फक्त आख्यान पूर्ण मागा

आधी निकाल सांगते मग बाकीचं. संच उत्तम आहे, नाईकांचा म्हणजे मुख्य गोंधळ्याचा आवाज, संबळ, आख्यान (देवीची गोष्ट) तिन्ही खणखणीत, बिदागी वाजवी, माणसं सज्जन, आणि मुख्य म्हणजे देवीचं काम देवीचं म्हणून करतात. काही गोष्टी खटकल्या त्या पण खाली लिहिल्यात. पण ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी आहे नाहीतर माहूरची रेणुका आहे आणि घरात लग्न होऊन गोंधळ अजून राहिलाय त्यांनी हे जरा शेवटपर्यंत वाचा, कारण पुण्यात संच ढिगाने आहेत पण देवीची गोष्ट नीट सांगणारा संच मिळायला वेळ लागतो.

आमची कुलस्वामिनी तुळजापूरची. दिराचं लग्न झालं, सत्यनारायण झाला, आणि सासूबाईंनी सांगितलं की जोडी तुळजापूरला जाऊन ओटी भरून आली की घरी गोंधळ घालायचा. आमच्यात लग्नानंतर गोंधळ झाला नाही तर कार्य पुरं झालं असं धरतच नाहीत. आम्ही राहतो सिंहगड रोडला, सोसायटीत, मग गावच्यासारखं अंगण कुठून आणणार, सोसायटीचा हॉल घेतला. संच शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून केलं, बऱ्याच जणांशी बोलले, दोन-तीन ठिकाणचे व्हिडिओ मागवले.

इथे एक सांगते कारण फोनवर बोलताना सगळीकडे हाच घोळ झाला. पुण्यात लोक सर्रास जागरण-गोंधळ असं एकत्र बोलतात. जागरण खंडोबाचं, ते वाघ्या-मुरळी घालतात, तिथे दिमडी असते, घाटी (लहान घंटा) असते, भंडारा उधळतात, लंगर (लोखंडी साखळी) तोडतात. गोंधळ देवीचा, तो गोंधळी घालतात, संबळ तुणतुणं आणि दिवटी (मशाल). बऱ्याच घरांत दोन्ही असतं, आधी एक मग दुसरं, आणि काही संच दोन्ही करतात, पण तुम्हाला नक्की काय हवंय ते फोनवर स्पष्ट बोला. मी ज्यांना फोन केले त्यातल्या एकाने "ताई पॅकेज आहे, दीड तासात दोन्ही बसवून देतो" असं सांगितलं. दीड तासात दोन्ही! तिथेच फोन ठेवला.

दुसरं म्हणजे नात्यात एका ठिकाणी मागच्या वर्षी झालेला गोंधळ मी बघितला होता, संचाचं नाव घेत नाही, पण तिथे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, चार मोठे स्पीकर, सिनेमातली देवीची गाणी, पोरं नाचतायत, आणि आख्यान म्हणून जे काही झालं ते दहा मिनिटांत आटोपलं. देवी आली, राक्षस मारला, आरती करा. माझ्या सासूबाई तिथून उठताना एवढंच बोलल्या की आईचं युद्ध राहिलंच की. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून हा रिव्ह्यू लिहिताना मी सगळ्यात जास्त तेच बघितलंय, की युद्ध सांगितलं का आणि कसं सांगितलं.

हा संच मिळाला तो सासूबाईंच्या माहेरच्या ओळखीतून. पाच जण येतात, एक नाईक, एक संबळवाला, एक तुणतुण्यावर, एक झांजेवर, आणि एक झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारा, जो आख्यानात सोंग पण करतो. वंशपरंपरेने हेच काम, कदमराई गोंधळी म्हणजे तुळजाभवानीचे. रेणुकेचे ते रेणुराई. (रेणुराईवाल्यांकडे परशुरामाची गोष्ट सांगतात, त्याने बेटासुराला मारलं आणि त्याच्या डोक्याला त्याच्याच शिरा ओवून वाद्य केलं, ते वाजवत आईच्या दर्शनाला गेला आणि तिथून गोंधळ सुरू झाला, ती पण एकदा पूर्ण ऐकायचीय मला.) फोन केला तर नाईकांनी पैशाच्या आधी विचारलं कुलस्वामिनी कुठली, कुलदैवत कुठलं, गाव कुठलं, घरात टाक (देवांच्या कोरलेल्या पत्र्या) आहेत का, आणि आता राहता कुठे. हे शेवटचं का विचारलं ते गोंधळाच्या दिवशी कळलं, पुढे सांगते. मग वार आणि वेळ. मंगळवार नाहीतर शुक्रवार बघू म्हणाले, आम्ही शुक्रवार धरला.

सामानाची यादी व्हॉट्सॲपवर आली. इथे पहिली तक्रार. यादी हाताने लिहिलेली, फोटो धूसर, आणि किती घ्यायचं ते अर्ध्या ठिकाणी लिहिलेलंच नाही. "खण, तांदूळ, गहू, पानं, सुपारी, नारळ, खारीक, हळकुंड, तेल" एवढंच. तेल किती, पाव किलो का दोन किलो? दिवटीला तेल सारखं ओतत राहावं लागतं आणि बुधलीत भरून ठेवायचं असतं, म्हणजे बऱ्यापैकी लागतं. मला परत परत फोन करावे लागले, त्यांनी प्रत्येक वेळी शांतपणे सांगितलं हे खरं, पण नव्या मुलींना आणि सुनांना यातलं काही माहिती नसतं, एकदा नीट टाइप करून ठेवलं तर सगळ्यांचं काम सोपं होईल. खरेदी सगळी शहरात झाली, ऊस आणि केळी मंडईतून, फुलं मार्केट यार्डातून, खण आणि पूजेचं बाकी तुळशीबागेतून. पाच ऊस पानांसकट लागतात हे लक्षात ठेवा, रसवाल्याकडचे सोललेले चालत नाहीत.

त्या दिवशी संच आला तासभर उशिरा. सातला यायचे होते, आठ झाले. शुक्रवार संध्याकाळ आणि सिंहगड रोड, त्यांची गाडी अडकली असणार हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, पण मग त्यांनी तो अंदाज धरून निघायला हवं होतं. कारण सोसायटीत दहाच्या पुढे स्पीकर चालत नाही, तो नियम सगळीकडेच आहे, आणि आमचे चेअरमन त्या बाबतीत एकदम कडक. तर तो गेलेला एक तास शेवटी कुठून तरी कापला जाणार ही भीती मला पहिल्यापासून होती.

पण आल्यावर ज्या पद्धतीने त्यांनी मांडणी केली ते बघून राग गेला. हॉलची पूर्वेची बाजू झाडून, ओल्या फडक्याने पुसून घेतली, पाट ठेवला, त्यावर नवा खण, खणावर तांदळाचा चौक भरला, मध्ये कलश, पानं, नारळ, आणि आमचे घरचे टाक नाईकांनी दोन्ही हातांनी घेऊन कलशापाशी ठेवले. पाच ऊस वर एकत्र बांधून त्याची मांडवी केली. हे सगळं होईपर्यंत एकाच्याही तोंडात फालतू शब्द नाही, फोन नाही. मग कपडे घालून आले, पायघोळ झगा, डोक्याला पगडी, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला हळद-कुंकू. झगे स्वच्छ धुतलेले होते, हे मुद्दाम लिहितेय.

दिवटीचं टेन्शन होतं. हॉलला फॉल्स सीलिंग आहे आणि दिवटी म्हणजे खरी पेटती मशाल, तेलात भिजलेल्या चिंध्यांची. काही संच आता बॅटरीवर चालणारी दिवटी आणतात म्हणे, मला ते अजिबात पटत नाही, देवीपुढे प्लॅस्टिकची ज्योत काय लावायची. या लोकांनी दिवटीखाली पसरट परात ठेवली, परातीत वाळू, शेजारी पाण्याची बादली, आणि ज्योत लहान ठेवली. चेअरमन स्वतः येऊन बघून गेले आणि मग आरतीपर्यंत बसले.

सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने झाली आणि मग आवाहन. आवाहनात गोंधळी सगळ्या देवांना नाव घेऊन, गाव घेऊन बोलावतात की गोंधळाला या. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी, ही साडेतीन पीठं आली, जेजुरीचा खंडोबा आला, पंढरपूरचा विठोबा आला, आमच्या गावचा म्हसोबा पण आला, आणि मग नाईकांनी एकदम कसब्याचा गणपती घेतला, तांबडी जोगेश्वरी घेतली, चतुःशृंगी घेतली, भवानी पेठेतली भवानी घेतली. तेव्हा कळलं की राहता कुठे हे का विचारलं होतं. कसबा गणपती पुण्याचं ग्रामदैवत, तांबडी जोगेश्वरी ग्रामदेवी, आपण हिच्या गावात राहतो तर हिला बोलावल्याशिवाय गोंधळ कसा घालायचा असं ते नंतर सांगत होते. माझ्या जावेचं माहेर बुधवार पेठेत आहे, तिची आई हे ऐकून हात जोडून उभीच राहिली.

संबळाबद्दल काय लिहू. कमरेला बांधलेली ती जोडी, एक लहान एक मोठं, दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकडी. हॉलमध्ये माइकची गरजच नव्हती. तरी त्यांनी एक स्पीकर लावला होता, तो आम्ही आवाहनानंतर बंद करायला लावला आणि मग खरा आवाज आला, लहान संबळाचा तडतडणारा आणि मोठ्याचा आतून घुमणारा. तुम्ही बोलावलंत तर स्पीकर नको म्हणून पहिल्यांदाच सांगा. शंभर-सव्वाशे माणसांना विनामाइक व्यवस्थित ऐकू जातं, आणि दहाच्या नियमाची कटकट पण कमी होते.

आता आख्यान. हेच खरं सांगायचंय.

मी फोनवरच सांगितलं होतं की महिषासुराचं आख्यान हवं आणि पूर्ण हवं, छोटं नको. नाईक म्हणाले "ताई, ऐकणारे बसतील ना?" मी म्हटलं बसतील. आणि खरंच बसले, लहान पोरं धरून.

सुरुवात त्यांनी देवांच्या हरण्यापासून केली. देव आणि असुर शंभर वर्षं लढले आणि देव हरले. महिषासुर स्वर्गात जाऊन बसला, इंद्राची जागा घेतली, सूर्य, अग्नी, वायू, यम, वरुण सगळ्यांची कामं त्याने स्वतःकडे घेतली, आणि देव माणसांसारखे पृथ्वीवर वणवण फिरायला लागले. हे सांगताना संबळ एकदम मंद, नुसता ठोका. मग विष्णू आणि शंकरांनी हे ऐकलं, त्यांना राग आला, आणि त्या रागाचं तेज तोंडातून बाहेर पडलं, मग ब्रह्मदेवाचं, मग इंद्राचं, सगळ्या देवांचं, ते एकत्र झालं, जळत्या डोंगराएवढा पुंजका झाला आणि त्यातून बाई उभी राहिली. शंकराच्या तेजाचं तोंड, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे हात, अग्नीच्या तेजाचे तीन डोळे. सप्तशतीत हे असंच आहे, मार्कंडेय पुराणातले ते 13 अध्याय, 700 श्लोक, त्यातल्या दुसऱ्या अध्यायात, आमच्या घरी नवरात्रात पाठ होतो म्हणून मला माहिती आहे. पण पाठ ऐकणं वेगळं आणि हे वेगळं. संस्कृत कळतं किती जणांना? इथे माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या मावशी, स्वयंपाकाला येतात त्या, पूर्ण गोष्ट श्वास रोखून ऐकत होत्या.

मग शस्त्रं आली आणि हा भाग या संचाचा सगळ्यात भारी. प्रत्येक देव येतो आणि तिला काहीतरी देतो. शंकरांनी आपल्या शूळातून शूळ काढून दिला, विष्णूंनी चक्रातून चक्र, वरुणाने शंख आणि पाश, अग्नीने शक्ती (भाला), वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा, यमाने दंड, ब्रह्मदेवाने कमंडलू, काळाने तलवार आणि ढाल, विश्वकर्म्याने परशू, शेषाने नागांचा हार, हिमालयाने सिंह, कुबेराने कधी रिकामं न होणारं पानपात्र. एकेक नाव घेतलं की संबळवाला ठेका बदलत होता, घंटेला वेगळा, धनुष्याला वेगळा, आणि सिंह आला तेव्हा मोठ्या संबळावर जो घुमारा काढला त्याने पुढे बसलेली पोरं दचकली. नाईक प्रत्येक शस्त्र घेताना हात नुसता थोडा हलवत होते, जास्त अभिनय नाही, पण शेवटी ते उभे राहिले तेव्हा त्या दोन हातांत अठरा हात दिसत होते. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत, तुळजाभवानीला आठ, कोल्हापूरच्या अंबाबाईला चार, आणि माहूरच्या रेणुकेचं तर नुसतं मुख, तांदळा. नाईक म्हणाले हात मोजू नका, आईला जेवढे लागतात तेवढे येतात.

युद्ध पण पूर्ण सांगितलं. चिक्षुर, चामर हे सेनापती नावानिशी आले आणि पडले. देवीच्या श्वासातून तिचे गण, म्हणजे सैनिक निर्माण झाले. मग स्वतः महिषासुर, खुरांनी जमीन उकरतोय, शिंगांनी डोंगर फेकतोय, शेपटीने समुद्र उसळवतोय. देवीने पाश टाकून बांधला तर रेडा सोडून सिंह झाला. सिंहाचं डोकं उडवलं तर तलवार घेतलेला माणूस झाला. त्याला बाणांनी भेदला तर हत्ती झाला आणि देवीच्या सिंहाला सोंडेने ओढायला लागला. सोंड कापली तर परत रेडा. हे सगळे बदल तो झीलकरी करत होता, पाठीवर एक काळं घोंगडं, बाकी काही नाही, नुसतं खांदे आणि मान. त्या पोराला माझे शंभर पैकी शंभर मार्क. आणि मग देवी थांबते. पानपात्रातलं पिते, डोळे लाल होतात, हसते, आणि त्याला सांगते की ओरड, मी पिऊन होईपर्यंत ओरडून घे, मग इथेच देव ओरडतील. तिथे नाईकांनी संबळ पूर्ण बंद ठेवला. मग उडी, त्याच्या मानेवर पाय, शूळ छातीत, तो रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर निघतोय माणूस होऊन, तसाच अर्धा असताना लढतोय, आणि तलवारीने डोकं खाली. आणि सगळा हॉल एका आवाजात उदो उदो! अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही येतोय.

बरं एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाईक तिथून थेट तुळजापूरला आले आणि यासाठी मी या संचाला वेगळं मानते. कर्दम ऋषी गेले, मागे त्यांची बायको अनुभूती आणि लहान मूल. मुलासाठी ती जिवंत राहिली आणि तपाला बसली. तिथे कुकर नावाचा दैत्य तिच्यावर वाईट नजर ठेवून आला आणि अंगावर हात टाकायला गेला. तिने देवीला हाक मारली आणि देवी धावत आली. दैत्य रेड्याचं रूप घेऊन लढला आणि मेला. नाईकांनी ही गोष्ट अजिबात वाद्य न वाजवता, साध्या बोलण्यातल्या भाषेत सांगितली, समोर बसलेल्या बायकांकडे बघून. वरच्या गोष्टीत स्वर्गाचं राज्य पणाला लागलं होतं, इथे एक एकटी बाई आहे आणि तिचं तान्हं पोर आहे, आणि आई दोन्हीकडे सारखीच धावून जाते, तेच आठ हात घेऊन. हा जोड त्यांनी ज्या ताकदीने लावला तो मी दुसऱ्या कुठल्या संचाकडून ऐकलेला नाही. तुळजापूरच्या मूर्तीत बघा, उजवा पाय महिषासुरावर, एका बाजूला सिंह, एका बाजूला मार्कंडेय ऋषी, आणि पायाशी ती अनुभूती आहे, तप करताना. मी लहानपणापासून तुळजापूरला जातेय पण तिच्याकडे नीट बघितलं ते या गोंधळानंतर. लेकीला पण दाखवली.

पुढे त्यांनी निद्रेचं सांगितलं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते, आणि नवरात्राच्या आधी ती पलंगावर झोपते. मग उठते, नऊ दिवस युद्ध, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि त्यानंतर परत झोपते ती कोजागरीला उठते. ती श्रमनिद्रा. लढून दमलेली आई. आणि तो पलंग आपल्या पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघतो, हे माझ्या दिराला माहितीच नव्हतं, तो आयटीत काम करतो, भरपूर वाचतो, पण हे त्याला पहिल्यांदा कळलं आणि त्याने तिथेच नाईकांना चार प्रश्न विचारले. नाईकांनी न कंटाळता उत्तरं दिली. नंतर त्यांनी एकनाथ महाराजांच्या जोगव्याचं पण सांगितलं, त्यात महिषासुर म्हणजे माणसाचा मोह, भवानी त्याला मारायला येते आणि भक्त तिच्याकडे जोगवा मागतो. हे थोडक्यात झालं, अजून चाललं असतं.

जोडीकडून दिवटीत तेल घालून घेतलं, दोघांनी दिवटी धरली, ओटी भरली, आरती झाली. पोवाड्याचा भाग मात्र गेला. प्रतापगड, अफझलखान, 1659, आणि मग 1661 मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, हे सगळं ते सांगतात असं कबूल केलं होतं, पण दहा वाजायला आले होते म्हणून चार ओळींत गुंडाळलं. सासऱ्यांना तोच भाग ऐकायचा होता, ते नाराज झाले आणि बरोबरच आहे त्यांचं. उशिरा आल्याचा फटका तो.

अजून एक खटकलं. मध्ये नाईक आणि झीलकरी यांची बतावणी असते, सवाल-जवाब, हसवणं, ती परंपरेतलीच आहे आणि पोरांना आवडली पण. पण त्यातले दोन-तीन विनोद नव्या सुनेवर आणि सासूवर होते, तेच घिसेपिटे, सून आळशी आणि सासू खाष्ट. ज्या चौकापुढे बसून बाईच्या पराक्रमाची एवढी मोठी गोष्ट सांगायची तिथे बाईवर असले विनोद शोभत नाहीत. मी कार्यक्रम संपल्यावर नाईकांना बाजूला घेऊन हे सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले "बरोबर आहे ताई, पब्लिक हसतं म्हणून ठेवलंय, काढतो." काढतील अशी आशा आहे. तुम्ही बोलावलंत तर आधीच सांगा.

पैशाचं. बिदागी अकरा हजार ठरली, गाडीभाडं त्यातच. वर देवीपुढे आलेली ओवाळणी त्यांची, ती पद्धतच आहे. दोन तासांच्या जवळपास पाच माणसं उभं राहून गाताहेत वाजवताहेत, आणि मागे पिढ्यांचं पाठांतर, मला तरी हे जास्त वाटत नाही. पुण्यात एका संध्याकाळच्या डीजेला लोक याच्या दुप्पट मोजतात आणि गोंधळ्यांशी पाचशेवरून घासाघीस करतात, मी स्वतः ऐकलंय, वाईट वाटतं. आम्ही पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून आधी त्यांना जेवायला बसवलं, मग घरची पंगत. ही सासूबाईंची अट होती. देवीचं नाव ज्यांच्या तोंडून आलं ते आधी जेवतील.

कुणी बोलावू नये ते पण लिहिते. ज्यांना तासाभरात उरकायचंय, किंवा रील काढायला जोरदार गाणी हवीत, किंवा हॉलमध्ये अजिबात आग चालणार नाही, त्यांनी हा संच घेऊ नका, दोन्हीकडून मनस्ताप होईल. वन बीएचकेमध्ये पण अवघड आहे, मांडणीला जागा लागते आणि संबळाचा आवाज भिंतींना झेपत नाही. टेरेस किंवा हॉल बघा आणि शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्याकडे तर वरच्या मजल्यावरचं बंगाली कुटुंब येऊन पुढेच बसलं. त्यांच्या दुर्गापूजेत हीच देवी महिषासुराला मारताना असते, त्यांना मराठी अर्धंच कळत होतं पण गोष्ट पूर्ण कळत होती, आणि त्या काकू शस्त्रांच्या वेळी नाईकांच्या आधी देवांची नावं घेत होत्या.

नंबर मी असा उघडा टाकत नाही, नाईकांनीच सांगितलंय की नको, नुसते दर विचारायला दिवसभर फोन येतात. ज्यांच्या घरी खरंच कार्य आहे त्यांनी मला विचारा, मी देईन. लग्नसराईत, विशेषतः मार्गशीर्ष ते फाल्गुन, शुक्रवार-मंगळवार पटापट भरतात, महिना-दीड महिना आधी सुपारी द्या. वेळ संध्याकाळी पाचची सांगा म्हणजे सहाला सुरू होईल आणि पोवाड्यापर्यंत सगळं नऊ-साडेनऊला आटोपेल. सामानाची यादी मी सगळी मापं टाकून नीट टाइप करून नाईकांना पाठवली आहे, तीच मागून घ्या, जुन्या फोटोवर जाऊ नका.